कॅमशाफ्टची जुळणी आणि मराठीतील सापेक्ष शब्द

१. विषयप्रवेश

यंत्रविद्येतील एखादी कृती भाषाविभागाच्या पत्रिकेत विवेचनासाठी घ्यावी, हे प्रथमदर्शनी काहीसे अस्थानी वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कृतीत एका शब्दाचा अर्थ चुकला असता चालते यंत्र क्षणार्धात निकामी होते, तिच्यात भाषेचा भाग किती व तो नेमका कोठे आहे, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचेच काम होय. मोटारीच्या इंजिनातील टायमिंग बेल्ट बदलताना कॅमशाफ्ट जुळवून घेणे ही अशा प्रकारची कृती आहे. प्रस्तुत लेखात प्रथम त्या कृतीचे स्वरूप सांगून, नंतर ती मराठीत सांगताना कोणते शब्द दगा देतात आणि त्यांवर उपाय कोणता, याचे विवेचन करावयाचे आहे. वाचकांना इंजिनाची माहिती नाही असे गृहीत धरले आहे.

या विवेचनाला बिलोलीचा परिसर विशेष उपयुक्त आहे. नांदेड जिल्ह्यातील हा तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे वगळून उरलेला नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये तो महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राज्याची सीमा अशा रीतीने निश्चित झाली. भाषांची मात्र तशी झाली नाही. मांजरा ओलांडली की बोधनचा रस्ता लागतो आणि वाहने दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. अशा भागातील गॅरेजमध्ये मराठी, दखनी आणि तेलुगू या तिन्ही भाषांचा वावर असणे स्वाभाविक आहे. मिस्त्री एका भाषेत विचार करतो, हाताखालचा मुलगा दुसरीत ऐकतो, आणि गाडीचा धनी तिसरीत विचारतो.

गाडीचा धनी हा येथे महत्त्वाचा आहे. भाड्याने चालणारे चारचाकी वाहन हे अनेक कुटुंबांचे उपजीविकेचे एकमेव साधन असते. बेल्ट बदलण्याचे काम चुकले तर इंजिनाचे हेड उतरवावे लागते, वाकलेल्या झडपा बदलाव्या लागतात, क्वचित दट्ट्याही फुटतो. तोपर्यंत वाहन उभे आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. म्हणजे या लेखात ज्याला आपण ‘अर्थाची संदिग्धता’ असे शास्त्रीय नाव देणार आहोत, तिची किंमत कोणीतरी रोख मोजत असतो.

२. इंजिनातील मेळ

मोटारीचे इंजिन बहुधा चार धावांचे असते. या पद्धतीचे यशस्वी इंजिन निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये सिद्ध केले. मूळ क्रम आजही तोच आहे. सिलिंडरमधील दट्ट्या खाली जाताना हवा आत घेतो, वर येताना ती दाबतो, इंधन पेटल्यावर पुन्हा खाली ढकलला जातो आणि परत वर येताना जळालेला वायू बाहेर लोटतो. दट्ट्याच्या या चार धावा पुऱ्या होईपर्यंत त्याला जोडलेली क्रँकशाफ्ट दोन वेळा फिरते.

हवा आत येण्यासाठी व वायू बाहेर जाण्यासाठी सिलिंडरच्या माथ्यावर झडपा असतात. मिस्त्रीलोक त्यांना वॉल्व म्हणतात. त्या उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करते. हा एक लांब दांडा असून त्यावर ठिकठिकाणी अंड्याच्या आकाराचे फुगवटे असतात. दांडा फिरताना फुगवटा झडपेवर आला की झडप उघडते आणि तो पुढे सरकला की स्प्रिंगच्या जोराने ती मिटते. प्रत्येक झडप चार धावांत एकदाच उघडावयाची असल्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हावयास हवा. क्रँक मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट १,५०० घेते आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते. इतक्या वेगात दोघींचा मेळ क्षणभरही सुटता कामा नये.

हा मेळ राखण्याचे साधन निरनिराळ्या इंजिनांत निरनिराळे असते. ट्रॅक्टर व जुन्या जीपगाड्या यांत दातेरी चाके एकमेकांत गुंतवून तो साधलेला असतो. अनेक इंजिनांत साखळी असते. आणि आपल्या विषयातील इंजिनांत आतून दाते असलेला रबरी पट्टा असतो. दातेरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत शिलाई यंत्रातील हालचालींचा मेळ राखण्यासाठी वापरात आला. मोठ्या प्रमाणावर निघालेल्या मोटारींपैकी तो प्रथम स्वीकारला जर्मनीतील ग्लास कंपनीच्या १९६२ च्या १००४ या गाडीने. पुढे १९६६ मध्ये फियाट कंपनीने दोन कॅमशाफ्टच्या इंजिनासही तो लावला. भारतात पट्ट्याचे इंजिन सामान्य मिस्त्रीच्या हाती आले ते मुख्यतः डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या मारुती ८०० मुळे. १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनातही पट्टाच होता.

पट्टा स्वस्त, हलका व कमी आवाजाचा. पण तो रबराचा असल्याने झिजतो, कडक होतो आणि त्याला चिरा पडतात. म्हणून उत्पादकाने नेमून दिलेल्या अंतरानंतर अथवा वर्षांनंतर, त्यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तो बदलावा लागतो. बऱ्याच इंजिनांत झडप पूर्ण उघडली असता तिचे टोक दट्ट्याच्या वाटेत येते. एरवी दट्ट्या वर येईपर्यंत झडप मिटलेली असते, म्हणून टक्कर होत नाही. मेळ बिघडला की ती होते. डिझेल इंजिनात दाब अधिक हवा म्हणून वरची मोकळी जागा फारच थोडी असते. तेथे ही भीती विशेष.

३. खूण म्हणजे काय?

पट्टा काढला की क्रँक व कॅमशाफ्ट यांचा संबंध तुटतो आणि दोघी स्वतंत्र होतात. नवा पट्टा घालताना तो संबंध पूर्ववत जोडावयाचा असतो. त्यासाठी उत्पादकाने खुणा दिलेल्या असतात: क्रँकच्या पुलीवर एक, तिच्या शेजारी इंजिनाच्या स्थिर भागावर एक, कॅमशाफ्टच्या पुलीवर एक आणि तिच्यासमोर हेडवर वा आच्छादनावर एक. काही इंजिनांत खुणांऐवजी कॅमशाफ्टच्या टोकाला खाच असते व तीत विशिष्ट पट्टी बसवून दांडा जागच्या जागी धरावा लागतो; क्रँकही अशाच पिनेने धरली जाते.

येथे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक परिचित तत्त्व दिसेल. पुलीवरील ठिपका हा स्वतः काहीच सांगत नाही. फिरत्या चाकावरील ठिपका कोठेही असू शकतो. स्थिर भागावरील रेषेसमोर तो आला म्हणजेच त्याला अर्थ प्राप्त होतो. आणि तोही अर्थ पुरा नव्हे, कारण एकट्या कॅमशाफ्टचा ठिपका रेषेवर असून भागत नाही, त्याच क्षणी क्रँकचाही ठिपका आपल्या रेषेवर असावा लागतो. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या त्याच्या संबंधातून ठरते, असे सोस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत प्रतिपादिले आहे. टायमिंगच्या खुणा हे त्याचे लोखंडी उदाहरण म्हणता येईल. ‘खूण जुळली’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणती खूण कोणत्या खुणेशी जुळली, आणि त्या वेळी दुसरी कोठे होती, हे सांगितल्याखेरीज ते विधान खरे की खोटे हे ठरवता येत नाही.

दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात हा प्रश्न अधिक बिकट होतो. एक कॅमशाफ्ट आत येणाऱ्या हवेच्या झडपा चालवते, दुसरी बाहेर जाणाऱ्या वायूच्या. खुणांच्या जागी दोन्ही स्वस्थ उभ्या राहतातच असे नाही. एखादा फुगवटा स्प्रिंगला अर्धवट दाबून उभा असेल तर पट्टा सुटताच स्प्रिंग त्याला ढकलते आणि कॅमशाफ्ट काही अंश आपोआप फिरते. काही इंजिनांत दोन पुलींच्या खुणा स्थिर भागाशी न जुळवता परस्परांशी जुळवावयाच्या असतात. अशा वेळी दोन्ही पुल्या सारख्याच प्रमाणात सरकल्या तर त्यांच्या खुणा जुळल्यासारख्या भासून दोघीही क्रँकशी विजोड राहू शकतात. खुणा जुळल्या, परंतु इंजिन जुळले नाही, असा हा प्रकार होय.

एका दाताची चूक किती मोठी, हे गणिताने पाहू. क्रँकच्या पुलीला २० दाते व कॅमशाफ्टच्या पुलीला ४० दाते आहेत असे समजा. कॅमशाफ्टवर पट्टा एक दात चुकला तर ती ३६० भागिले ४०, म्हणजे ९ अंश चुकली. परंतु कॅमशाफ्टचा एक अंश हा क्रँकचे दोन अंश असतो; म्हणून झडप क्रँकच्या हिशेबाने १८ अंश लवकर वा उशिरा उघडेल. एवढ्याने काही इंजिने केवळ खडखडतात व त्यांची ओढ कमी होते, तर काहींत झडप वाकते. ‘नऊ अंश’ आणि ‘अठरा अंश’ ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, केवळ अंश कोणाचे हे सांगावयास हवे. येथून आपण शब्दांकडे वळू.

४. दगा देणारे चार शब्द

(अ) वर. ‘पहिला पिस्टन वर घे’ ही या कामातील पहिली आज्ञा. दट्ट्या आपल्या प्रवासाच्या वरच्या टोकाला येतो, त्या स्थितीला मिस्त्री टी. डी. सी. म्हणतात. परंतु चार धावांत दट्ट्या वर दोनदा येतो: एकदा हवा दाबल्यावर आणि एकदा वायू बाहेर लोटल्यावर. दट्ट्याच्या व क्रँकच्या दृष्टीने या दोन स्थितींत कसलाच फरक नाही; क्रँकवरील खूण दोन्ही वेळा रेषेवर असते. फरक कॅमशाफ्ट सांगते. दाबाच्या वेळी पहिल्या सिलिंडरच्या सर्व झडपा मिटलेल्या असतात. दुसऱ्या वेळी एक झडप मिटत व दुसरी उघडत असते. पेट्रोल इंजिनात प्लग काढून भोकावर बोट धरले असता दाबाच्या धावेत हवा बोटाला ढकलते, ही जुनी व खात्रीची परीक्षा आहे. जुना पट्टा काढण्यापूर्वी कॅमशाफ्टची खूण आपल्या रेषेपासून अर्ध्या फेऱ्यावर दिसली तर घाबरण्याचे कारण नाही; क्रँक आणखी एक फेरा फिरवली की ती जागेवर येते. म्हणून ‘वर’ हा शब्द येथे स्थानवाचक असून पुरत नाही. ‘दाबाच्या धावेअखेर वर’ असे म्हणावयास हवे.

(आ) फेरा. ‘हाताने दोन फेरे देऊन बघ’ ही शेवटची आज्ञा. पट्टा बसवल्यावर इंजिन किल्लीने चालू न करता पान्याने सावकाश फिरवून सर्व खुणा पुन्हा जागेवर येतात की नाही हे पाहावयाचे असते. हे दोन फेरे क्रँकचे. ऐकणाऱ्याने ते कॅमशाफ्टचे समजले तर तो क्रँक चार वेळा फिरवील, त्याने नुकसान होणार नाही. पण ‘एक फेरा’ ही सूचना उलट समजली तर क्रँक एकदा फिरून कॅमशाफ्ट अर्ध्यावरच थांबेल, आणि काम बरोबर असूनही ते चुकले असे वाटून पट्टा पुन्हा काढला जाईल. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर या आज्ञेत षष्ठी विभक्तीचे पद गळलेले आहे. मराठीत संदर्भाने कळणारे पद गाळण्याची मोकळीक आहे आणि रोजच्या बोलण्यात ती सोयीची आहे. परंतु जेथे दोन फिरणाऱ्या वस्तू एकमेकींच्या दुप्पट वेगाने फिरतात, तेथे संदर्भाने एकच पद कळत नाही, दोन कळतात.

(इ) उजवा आणि उलटा. बिलोलीच्या बहुभाषिक परिसरात सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी ही जोडी आहे. मराठीत ‘उजवा’ ही बाजू व ‘सुलट’ ही दिशा असे दोन वेगळे शब्द आहेत. दखनीत मात्र उजव्या हाताला ‘सीधा हात’ व डाव्याला ‘उल्टा हात’ म्हणतात, आणि तेच ‘सीधा’ व ‘उल्टा’ सरळ व विरुद्ध या अर्थांनीही येतात. मराठी ‘उजवा’ हा शब्ददेखील ऋजु, उज्जु या मालिकेतला मानला जातो, म्हणजे मुळात सरळ या अर्थाचा. परंतु आज मराठी भाषकाला त्या नात्याची जाणीव राहिलेली नाही. तेव्हा ‘सीधा घुमा’ याचा अर्थ उजवीकडे फिरव, की इंजिन ज्या दिशेने चालते त्या दिशेने फिरव? बहुतेक इंजिनांत, पट्ट्याच्या बाजूने पाहता, ही दिशा घड्याळाच्या काट्याचीच असल्याने दोन्ही अर्थ एकत्र येतात आणि संदिग्धता झाकली जाते. काही होंडा इंजिने मात्र विरुद्ध दिशेने फिरतात. तेथे ती उघडी पडते. क्रँक उलट फिरवली असता पट्ट्याची ढिली बाजू बदलते व दात निसटण्याचा धोका असतो, म्हणून हा केवळ शब्दांचा वाद नव्हे.

याला जोडून ‘पुढची बाजू’ हा प्रश्न येतो. मारुती ८०० आणि ओम्नी या दोन गाड्यांत बऱ्याच वर्षांपर्यंत मूलतः एकच इंजिन होते. ८०० मध्ये ते आडवे बसवलेले असे, ओम्नीत पुढच्या आसनांखाली उभ्या अंगाने. इंजिनाच्या दृष्टीने पट्ट्याची बाजू ही पुढची. परंतु ८०० मध्ये ती गाडीच्या कुशीला येते. इंजिनाचे पुढे आणि गाडीचे पुढे ही भिन्न झाली की त्यावरून ठरणारे उजवे-डावेही बदलते. कार्ल ब्यूलर या अभ्यासकाने १९३४ साली दर्शक शब्दांची मीमांसा करताना दाखवले, की ‘येथे’, ‘तेथे’, ‘पुढे’ यांसारखे शब्द एका आरंभबिंदूवरून मोजले जातात, आणि तो बिंदू सामान्यतः बोलणारा स्वतः असतो. गॅरेजमध्ये मिस्त्री बॉनेटवर वाकलेला असतो आणि मुलगा गाडीखाली पडलेला असतो. दोघांचे आरंभबिंदू भिन्न, तोंडे विरुद्ध दिशांना. ‘तुझ्या उजवीकडे’ व ‘माझ्या उजवीकडे’ हेही अशा वेळी पुरत नाही. वाहनाच्या अंगांना वक्त्यापासून स्वतंत्र अशी नावे द्यावी लागतात. चालकाची बाजू व क्लीनरची बाजू ही ट्रकवाल्यांची जोडी या दृष्टीने उत्तम आहे, कारण ती कोणी कोठेही उभा राहिला तरी बदलत नाही. शास्त्रीय परिभाषेने ती उचलावी अशीच आहे.

(ई) घट्ट. ‘बेल्ट घट्ट कर’ आणि ‘बोल्ट घट्ट कर’ ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या एकाच घडणीची आहेत, अर्थ मात्र भिन्न. पहिल्यात ताण अभिप्रेत आहे, दुसऱ्यात आवळणे. पट्ट्याचा ताण टेन्शनर नावाच्या पुलीने दिला जातो. तो कमी पडल्यास पट्टा दात सोडतो. अधिक झाल्यास पट्टा किणकिणतो आणि टेन्शनरच्या व, पट्ट्यानेच फिरत असल्यास, पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर भार येतो. बोल्टचा आवळ मात्र टॉर्क रेंचने मोजावयाचा असतो आणि त्याचा आकडा प्रत्येक इंजिनासाठी ठरलेला असतो. ‘घट्ट’ या एका शब्दाने दोन्ही गोष्टी सांगितल्या म्हणजे ऐकणारा दोन्ही ठिकाणी आपल्या मनगटाचा जोर हेच माप मानतो. काही इंजिनांत क्रँकची पुली चावीवर न बसता केवळ मधल्या बोल्टच्या आवळावर धरलेली असते; तेथे आवळ कमी पडला तर खुणा जुळूनही पुली घसरते आणि सर्व जुळणी व्यर्थ जाते. मराठीजवळ ‘ताण’ आणि ‘आवळ’ हे दोन्ही शब्द तयार आहेत. ते वेगळे वापरण्याची शिस्त तेवढी हवी.

जाता जाता ‘चावी’ या शब्दाकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही. शाफ्ट आणि पुली यांना एकत्र धरणाऱ्या लोखंडी तुकड्याला मिस्त्री चावी म्हणतात. पोर्तुगीज ‘शावे’पासून मराठीत आलेला हा शब्द कुलुपावरून इंजिनात गेला. ‘मिस्त्री’ हाही पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चाच वंशज. परक्या शब्दाने अर्थ बिघडतो असे नाही. पुसट वापराने बिघडतो. ‘चावी’ परकी असून नेमकी आहे, ‘वर’ आपला असून संदिग्ध आहे. परिभाषेच्या चर्चेत ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

५. पट्ट्यावरील रेषांचा भ्रम

नव्या पट्ट्यावर काही उत्पादक पांढऱ्या रेषा व दिशा दाखवणारा बाण छापतात. रेषा पुल्यांच्या खुणांसमोर धरून पट्टा बसवला की काम सोपे होते. परंतु नंतर क्रँकला दोन फेरे दिले असता पुल्यांच्या खुणा जागेवर येतात आणि पट्ट्यावरील रेषा मात्र भलत्याच ठिकाणी दिसतात. नवख्या माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो. आपले काम चुकले असे समजून तो बरोबर बसलेला पट्टा काढतो.

कारण साधे आहे. वरच्या उदाहरणात पट्ट्याला १०५ दाते आहेत असे धरा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत पट्टा ४० दाते पुढे सरकतो, १०५ नव्हे. म्हणून रेषा आपल्या जागी परत येत नाहीत. १०५ आणि ४० यांचा लघुतम साधारण विभाज्य ८४० आहे, म्हणजे पट्टा ८४० दाते सरकल्यावर, क्रँकच्या ४२ फेऱ्यांनंतर, पुल्यांच्या खुणा व पट्ट्याच्या रेषा पुन्हा एकत्र येतील. त्याआधी त्या विसंगत दिसणे हेच बरोबर. पट्ट्यावरील रेषा ही बसवण्याच्या क्षणापुरती खूण आहे. पुलीवरील खूण ही कायमची आहे. दोहोंना मराठीत एकच ‘खूण’ हा शब्द वापरला जातो, आणि भ्रमाचे मूळ त्यातच आहे. पहिलीला ‘रेघ’ आणि दुसरीला ‘खूण’ म्हटले तर निम्मा घोळ मिटेल.

६. सूचना कशी लिहावी

मराठीत यंत्रविषयक परिभाषेचे कार्य झालेले नाही असे नाही. शासनाचे भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले व त्याने अनेक विषयांचे परिभाषाकोश सिद्ध केले. विश्वकोशाने दट्ट्या, झडप, धाव यांसारखे शब्द रूढ करण्याचा यत्न केला. परंतु कोश नामे पुरवतो. वरील विवेचनावरून दिसेल की या कृतीत घात होतो तो नामांनी नव्हे, तर सर्वांना ठाऊक असलेल्या वर, पुढे, उजवा, फेरा, घट्ट अशा अव्ययांनी, विशेषणांनी व परिमाणवाचकांनी. पिस्टन म्हणा अथवा दट्ट्या म्हणा, इंजिनाला फरक पडत नाही. कोणाचा, कशाच्या संदर्भात, कोठून पाहता आणि किती, या चार प्रश्नांची उत्तरे वाक्यात आहेत की नाहीत, यानेच फरक पडतो.

या कसोटीला धरून लिहिलेल्या सूचनांचा एक नमुना पुढे देत आहे. तो एका बाजूस टेन्शनर असलेल्या, घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या चार सिलिंडरच्या सर्वसाधारण इंजिनासाठी आहे; प्रत्येक इंजिनाच्या खुणा व आकडे त्याच्या उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावयाचे असतात.

पहिली: पट्ट्याच्या बाजूने पाहता क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवून पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या धावेअखेर वर आणावा. दुसरी: क्रँकच्या पुलीची खूण इंजिनावरील रेषेशी आणि प्रत्येक कॅमशाफ्टच्या पुलीची खूण तिच्या स्वतःच्या स्थिर रेषेशी जुळली आहे, हे जुना पट्टा असतानाच पाहावे. तिसरी: कॅमशाफ्ट धरून ठेवण्याचे साधन पुस्तिकेत सांगितले असल्यास ते बसवावे आणि मगच टेन्शनर सैल करून पट्टा काढावा. चौथी: पट्टा नसताना क्रँक अथवा कॅमशाफ्ट फिरवू नये. कॅमशाफ्ट फिरवणे भागच पडले तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आधी क्रँक पाव फेरा सरकवून सर्व दट्टे मध्यावर आणावेत, कॅमशाफ्ट खुणेवर आणावी आणि मग क्रँक त्याच वाटेने परत खुणेवर घ्यावी. पाचवी: नवा पट्टा प्रथम क्रँकच्या पुलीवर घालून, टेन्शनर नसलेल्या बाजूने ताठ धरत कॅमशाफ्टच्या पुल्यांवर न्यावा, जो काही ढिलेपणा उरेल तो टेन्शनरच्या बाजूस उरावा. सहावी: टेन्शनरने ताण द्यावा आणि धरून ठेवण्याची साधने काढावीत. सातवी: क्रँकच्या मधल्या बोल्टवर पाना लावून क्रँकचे पूर्ण दोन फेरे घड्याळाच्या दिशेने सावकाश द्यावेत, मध्येच कठीण अडथळा लागल्यास जोर न करता थांबावे, कारण तो अडथळा बहुधा दट्ट्याला टेकलेली झडप असतो. आठवी: पुल्यांच्या सर्व खुणा आपापल्या रेषांवर आल्या असल्यास ताण पुन्हा तपासावा आणि बोल्टांचा आवळ मोजून द्यावा. पट्ट्यावरील रेघा या वेळी पाहू नयेत.

पाचवी सूचना थोड्या स्पष्टीकरणाची अपेक्षा करते. क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरताना पट्ट्याची एक बाजू स्वतःकडे ओढते व दुसरी सोडते. ओढली जाणारी बाजू सदैव ताठ असते. तिच्यात बसवतानाच ढिलेपणा राहिला तर पहिल्या ओढीत क्रँक तेवढी पुढे जाते आणि कॅमशाफ्ट मागे राहते. अर्थात खुणा बसवताना जुळल्या होत्या, पण दोन फेऱ्यांनंतर जुळत नाहीत. सातव्या सूचनेचे प्रयोजन हा दोष पकडणे हेच आहे.

७. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. कॅमशाफ्ट जुळवणे ही एका वस्तूवर करावयाची कृती नसून दोन किंवा तीन फिरत्या वस्तूंतील संबंध पुन्हा प्रस्थापित करण्याची कृती आहे. तिची भाषाही म्हणून संबंध सांगणारी हवी. अनुभवी मिस्त्रीच्या हातांना हा संबंध ठाऊक असतो, त्यामुळे त्याची अपुरी वाक्ये त्याच्यापुरती पुरेशी ठरतात. शिकणाऱ्याजवळ ते हात नसतात. त्याच्याजवळ केवळ वाक्य असते. कृती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ती याच अरुंद वाटेने, आणि बिलोलीसारख्या ठिकाणी त्या वाटेवर तीन भाषा एकत्र चालत असतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी येथे मुबलक सामग्री आहे. बोलींच्या अभ्यासात आपण नातेवाचक व शेतीविषयक शब्द हौसेने गोळा करतो. गॅरेजमधील दिशा, बाजू, फेरा व ताण यांचे शब्द, मराठी, दखनी व तेलुगू या तिन्ही भाषांतील, कोण कोणाशी बोलताना कोणता वापरतो या नोंदीसह गोळा झाले, तर तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षणासाठी मराठीत नेमकी सूचनापुस्तिका लिहिता येईल. ती लिहिताना यंत्रज्ञाइतकाच भाषाज्ञाचाही उपयोग होईल, एवढे या लेखावरून मान्य व्हावे.